चिठ्ठीमावशी आणि घरातले बाण

"आधी पाय, मग बोट."

चिठ्ठीमावशीचं हे रोजचं वाक्य. सकाळी वर्गात पाऊल टाकताना हे, आणि संध्याकाळी चपला पायात सरकवतानाही हेच. म्हणजे असं, की आधी त्या वाटेवर स्वतः पाय टाकून या, आणि मग फोनवर बोट ठेवा. ऐकणारी मंडळी दर वेळी हसायची. कुणी मागच्या बाकावरून तिचा आवाज काढायचं. मावशीही हसायची, पण शब्द मागे घ्यायची नाही.

तिचं काम सांगायला सोपं आणि समजून घ्यायला जरा अवघड. वस्तीवस्तीत युवक केंद्रं असतात. वयात आलेली, घरात न मावणारी पोरं-पोरी संध्याकाळी तिथे जमतात. त्यांना सांभाळणारे जे ताई-दादा असतात, त्यांना शिकवणं हे मावशीचं काम. आणि शिकवायचं काय, तर खजिन्याचा शोध. झाडाला, पुलाच्या कठड्याला, पडक्या भिंतीच्या खुंटीला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन बांधायचा. पोरांनी त्याच्यासमोर फोन धरला की फोनमधून आवाज येतो आणि कोडं घालतो. कोडं सुटलं की पुढची जागा कळते. पोरं फोन सोडत नाहीत ना, मग आपण फोनलाच डोंगर चढायला लावू, असं मावशी म्हणायची. फोन घरोघरी येण्याआधी हाच खेळ ती कागदाच्या चिठ्ठ्यांवर खेळवायची. चिठ्ठ्या गेल्या, नाव तेवढं चिकटून राहिलं.

या कामातलं तिला बारीकसारीक ठाऊक होतं. चौकोन उन्हात लावला तर फोनला वाचता येत नाही, म्हणून झाडाची सावलीची बाजू बघायची. झाडाला खिळा मारायचा नाही, दोरी बांधायची, आणि खेळ संपला की सोडून आणायची. कोड्याचा आवाज मोकळ्यावर भरायचा असेल तर फोनवर पायमोजा चढवायचा, म्हणजे वारा आत शिरत नाही. आता पायमोज्यातून बोलायचं म्हटल्यावर वर्गात खसखस पिकायचीच. पण घरी जाऊन ऐकलं की ज्याचा त्याला फरक कळायचा.

आणि अशी ही बाई दोन वर्षं एका खोलीत बसून बाहेरचा खेळ शिकवत होती.

खोली तळमजल्यावर, मागच्या अंगाला. खिडकी होती, पण ती उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागायची. दिवसाढवळ्या दिवा लावावा लागे. प्लास्टिकच्या खुर्च्या, खुरडत फिरणारा पंखा, आणि समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड. त्या उजेडात टेकड्या दिसायच्या, तळी दिसायची, पायवाटा दिसायच्या. मावशी काठीनं दाखवायची, इथून चढा, इथे वळा. काठीचं टोक भिंतीवर टकटक वाजायचं. खोलीत गुण एकच, तिथे फोनला रेंज भरपूर होती. आणि मावशीला तेवढीच हवी होती.

कारण घरी तिची आई होती, आणि आईचं डोकं विस्कटलं होतं.

म्हातारी अंगानं धडधाकट होती. पण चुलीवर दूध ठेवलंय हे विसरायची, आंघोळ झालीय हे विसरायची, आणि दार उघडं दिसलं की चालू लागायची. एकदा ती बाजाराच्या टोकाला सापडली. कुठे निघालात आजी, असं कुणी विचारलं तर म्हणाली, माझी मुलगी शोधतेय. तेव्हापासून मावशी कामावर निघताना दाराला बाहेरून कुलूप लावायची. कुलपाचा आवाज आतल्या माणसाला कसा ऐकू येत असेल, हा विचार जिन्याच्या पायऱ्या संपेपर्यंत तिच्या डोक्यात राहायचा. रस्त्यावर आल्यावरही काही तो पुरता जायचा नाही.

मावशीला एक धाकटा भाऊ. गाव एकच, फक्त टोकं दोन. त्यानं आईसाठी काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. त्यानं कॅमेरा आणून दिला. स्वतः स्टुलावर चढून खोलीच्या कोपऱ्यात बसवला, आणि मावशीच्या फोनला जोडला, स्वतःच्याही जोडला. त्यातून बोलायचीही सोय होती. त्या दिवसापासून भाऊ आईकडे यायचा थांबला आणि बघायला लागला. ऑफिसात बसल्याबसल्या तो बघायचा, आणि मावशी ऐन शिकवण्यात असताना फोन करायचा. ताई, आईनं पाणी सांडलंय, दिसतंय का तुला? दिसतंय. मग कर ना काहीतरी. मावशी मग दार ओढून घेत बाहेरच्या बोळकांडीत जायची, शेजारणीला फोन लावायची, आर्जवं करायची, आणि तोंड पुसून आत यायची.

म्हणून ती रेंज सोडून कुठे जायची नाही. टेकडीवर रेंज नव्हती, म्हणून टेकडी सुटली. तळ्यापाशी नव्हती, तळं सुटलं. शेवटी उरली ती खोली.

वर्गाला हे कळलं ते असं. यंदाच्या वर्गात एक उंच, दांडगा मुलगा होता. आधी गॅरेजात कामाला होता, म्हणून सगळे त्याला गॅरेजवाला म्हणत. थट्टेखोर, पण मनानं निर्मळ. एके दुपारी मावशी आपल्या फोनमधला नकाशा भिंतीवर दाखवत होती. बोट कुठेतरी चुकून लागलं आणि नकाशा गेला. भिंतभर एक म्हातारी उभी राहिली. केस सुटलेले, एका पायात चप्पल. ती दाराची कडी दोन्ही हातांनी हलवत होती. आवाज येत नव्हता. हलवायची, थांबायची, दाराला कान लावायची, पुन्हा हलवायची.

गॅरेजवाल्याला वाटलं, हाही खेळातलाच भाग असणार.

"मावशी, ही पुढची खूण का?"

"नाही रे," मावशी म्हणाली. "ही माझी आई."

तिनं वायर उपसली. भिंत कोरी झाली. गॅरेजवाला त्यानंतर दिवसभर मान वर करून बोलला नाही.

त्यानंतर मावशीच्या हातून चूक झाली, आणि तीही अशी, की जी करू नका म्हणून तिनं जन्मभर लोकांना सांगितलं. वर्गाला टेकडी ओलांडून पलीकडच्या तळ्यापर्यंत खजिन्याची वाट आखून द्यायची होती. ती वाट मावशी तरुणपणी कितीदा तरी चालली होती. तिनं आकाशातून काढलेलं टेकडीचं चित्र फोनवर उघडलं, आणि त्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीत बसून एकेक खूण रोवली. इथे बाक, इथे वडाचं झाड, इथून उतार. बोट चाललं, पाय टेबलाखाली मुकाट राहिले.

चित्र जुनं होतं. मधल्या काळात टेकडीच्या त्या अंगाला पाण्याची मोठी टाकी झाली होती आणि भोवती तारेचं कुंपण पडलं होतं. बाक उखडला गेला होता. मावशी खोलीतच थांबली, आणि मंडळी फोनमधल्या खुणेवर विश्वास टाकून कुंपणाच्या कडेकडेनं जात राहिली, ती थेट दगडांच्या जुन्या खाणीत उतरली. तिथे जाड चष्म्याची एक मुलगी घसरली आणि तिचा घोटा मुरगळला. फोनला रेंज नाही. गॅरेजवाल्यानं तिला पाठुंगळीला घेतलं आणि संध्याकाळी सगळी खाली आली, अंगभर कुसळं, तोंडं सुकलेली.

कुणी मावशीला बोल लावला नाही. फक्त त्या चष्मेवालीनं पायावर बर्फ धरून अगदी सरळ मनानं विचारलं, की मावशी, या वाटेनं तुम्ही शेवटचं कधी चालला होतात? मावशीनं आठवून सांगते म्हटलं, आणि सांगितलं नाही.

मोठ्या बाईंच्या कानावर ते गेलंच. मोठ्या बाई म्हणजे संस्थेच्या प्रमुख. दोघी बरोबरीच्या, एकेकाळी एकाच टेकडीवर चिठ्ठ्या लपवलेल्या. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्यावर उद्याच्या पोरांची जबाबदारी होती. हे ताई-दादा उद्या कोवळ्या पोरांना घेऊन त्याच वाटेनं जाणार होते. त्यांनी मावशीला समोर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, की पुढच्या आठवड्यात हा वर्ग तूच तळ्यापर्यंत ने. पायी, पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत. मीही येते. आणि नाही जमलं तर त्यातही काही बिघडत नाही. वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ, तू आत बसून व्हिडिओ लावायचं काम बघ.

दुसऱ्या कुणाला, हे शब्द मावशी घरापर्यंत चघळत गेली. वर्ग गेला म्हणजे काय उरणार, ते तिला लख्ख दिसत होतं. सकाळी कुलूप लावून एका बंद खोलीतून निघायचं, आणि दुसऱ्या बंद खोलीत जाऊन बसायचं. तिथे आता माणसंही नसणार. गॅरेजवाल्याची थट्टा नाही, चष्मेवालीचा प्रश्न नाही. खिडकीबाहेर भिंत, आणि हातातल्या फोनमध्ये दाराची कडी हलवणारी आई. निवृत्तीपर्यंत तेवढंच.

तिनं भावाला विचारलं. एकच दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत आईजवळ बस म्हणाली. भावानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सुट्टी मिळणं कसं शक्य नाही ते समजावून सांगितलं. शेवटी म्हणाला, कॅमेरा आहे ना, मी इथून बघत बसतो, तू बिनघोर जा. शेजारीण दुपारी जेवू घालून जाईन म्हणाली. पण तिचं दुकान होतं. जेवणापुरतं ती येणार, बसणं तिला शक्य नव्हतं.

तेव्हा मावशीनं आपल्याजवळ जे होतं ते बाहेर काढलं. लाल कागद, कात्री आणि डिंक. खजिन्याचा शोध शिकवणाऱ्या बाईला दुसरं सुचणार काय? तिनं घरात आईसाठी वाट आखली. आईच्या डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीवर लाल बाण. पलंगापासून पाण्याच्या माठाकडे. माठापासून मोरीकडे. मोरीपासून खिडकीजवळच्या खुर्चीकडे. आणि खुर्चीपासून परत पलंगाकडे, म्हणजे बसून कंटाळली की आपली आपण आडवी होईल.

आदल्या संध्याकाळी रंगीत तालीम झाली. मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत भाजी निवडत बसली आणि म्हणाली, आई, बाण बघ आणि ये. म्हातारीनं पहिल्या बाणावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. लहान पोरीसारखी भिंत चाचपत, पुटपुटत, मधेच हसत ती पाणी प्याली, मोरीत जाऊन आली आणि खुर्चीपाशी पोचली. मावशीकडे बघून तिचा चेहरा उजळला.

"सापडलीस," म्हातारी म्हणाली, आणि मावशीच्या गुडघ्यावर हात टेकून खाली बसली.

मावशीला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. किती दिवसांत आईनं तिला ओळखलं नव्हतं. वाट बरोबर बसली, असं तिच्या मनानं घेतलं, आणि सकाळी तिनं कुलूप लावलं ते जरा हलक्या हातानं.

टेकडीच्या पायथ्याला सगळी जमली होती. मोठ्या बाई गुडघ्याला पट्टा बांधून, हातात काठी घेऊन आल्या होत्या. चष्मेवालीही आली होती, पायाला पट्टी आणि नको म्हटलं तरी ऐकायला तयार नाही. मावशीनं डोक्यावर निळी टोपी चढवली आणि चढाला लागली.

पहिल्या वळणावर तिचा श्वास फुलला. दुसऱ्या वळणावर फोनमधली रेंज गेली, आणि हात आपोआप खिशाकडे गेला. फोन होता तिथेच होता, दगडासारखा. आता आई दिसणार नाही, आता कुणाचा फोन येणार नाही. आणि त्याच क्षणी वारा तोंडावर आला. गवत एका अंगानं वाकून उठत होतं. मातीला तोच वास होता. मावशी बोलायला लागली आणि मग थांबेना. इथे रेंज जाते, हे पोरांना खालीच सांगा. कुणाला लागलं तर एकानं त्याच्याजवळ थांबायचं, दोघांनी मिळून खाली जायचं, एकट्यानं कुणी जायचं नाही. कुंपणापाशी ती थांबली, तारेला हात लावून बघितला, आणि स्वतः रोवलेली खोटी खूण सगळ्यांसमोर फोनमधून पुसून टाकली. खाणीच्या काठावर तिनं पाय घासून दाखवला, की बघा, ही मुरमाड माती पायाखालून कशी निसटते. चष्मेवाली म्हणाली, मावशी, हे माझ्या पायाला आधीच शिकवून झालंय. त्यावर सगळी हसली, मावशीही. पण मधूनमधून तिचा हात खिशाकडे जाऊन यायचा.

सगळी टेकडीच्या माथ्यावर पोचली तेव्हा सूर्य बराच वर आला होता. पलीकडच्या अंगाला खाली तळं चमकत होतं. निम्मी वाट झाली होती, उताराची निम्मी उरली होती. आणि माथ्यावर, दोन दगडांच्या मधे, फोनला रेंज आली.

खिशात फोन थरथरायला लागला तो थांबेना. भावाचे निरोप एकावर एक येऊन आदळत होते. आधी चित्रं. आई माठापाशी. आई मोरीच्या दारात. आई खुर्चीपाशी. आई पलंगापाशी. पुन्हा आई माठापाशी. मग आवाज, आधी वैतागलेला, नंतर घाबरलेला. शेवटच्या निरोपात तो एवढंच म्हणत होता, की ताई, ती थांबत नाहीये.

मावशीनं फोन लावला. भावानं पहिल्याच घंटीला उचलला. सकाळी कुलूप लागल्यापासून आई भिंतीवर बोट ठेवून घरात गोल फिरत होती. बसली नाही, निजली नाही. त्यानं कॅमेऱ्यातून हाका मारल्या, तर आवाज कुठून येतोय ते न कळून ती आणखीच भराभर चालायला लागली. शेवटी तो उठला आणि आला. शेजारणीकडची किल्ली घेऊन त्यानं दार उघडलं. आता तो खोलीत उभा होता, आणि तरी ती फिरतच होती. माझ्याकडे बघतसुद्धा नाही, असं तो म्हणाला. तेवढ्यात फोनमधून, थोडा लांबून, आईचा आवाज आला.

"अहो, जरा बाजूला व्हा. इथली चिठ्ठी सापडत नाहीये मला."

पोटच्या मुलाला ती अहो म्हणत होती.

मावशी दगडावर बसली. तिला आता सगळं दिसलं, आणि ते कुठल्याही कॅमेऱ्यात दिसलं नसतं. खजिन्याच्या वाटेची शेवटची जागा कधी रिकामी ठेवायची नाही. तिथे एक माणूस बसवायचं. पोरं दमून येतात, त्यांना पोचलात असं म्हणणारं कुणीतरी लागतं. खरा खजिना तेवढाच असतो. हे ती दर वर्गाला शिकवायची. आणि घरात तिनं शेवटच्या बाणापुढे पुन्हा पहिला बाण लावला होता, आणि खुर्ची रिकामी टाकून टेकडीवर आली होती. काल चूक दिसली नाही, कारण काल त्या खुर्चीत ती स्वतः बसली होती.

"खिडकीजवळच्या खुर्चीत बस," ती भावाला म्हणाली. "आणि तिथून पलंगाकडे जाणारा बाण आधी फाडून टाक."

कागद फाटल्याचा आवाज आला. खुर्ची कुरकुरली. मग बराच वेळ नुसती पावलं, फरफटत येणारी. जवळ आली. थांबली.

"हे काय," आईचा आवाज म्हणाला. "इथे बसलायस होय तू."

मग भावानं हळूच सांगितलं, की आई खाली बसली, माझ्या गुडघ्याला टेकून बसलीय, हात धरलाय. मावशीनं डोळे मिटले. आणि डोळे मिटलेले असतानाच त्याचं पुढचं बोलणं आलं. ती आता डुलक्या घेतेय, तू लवकर ये. मला ऑफिसात परत जायलाच हवं. झोपली की मी कुलूप लावून निघतो.

मावशीनं खाली तळ्याकडे पाहिलं. मग आजूबाजूला. वर्ग दगडांवर बसून चपलांतले खडे काढत होता, काही ऐकलंच नाही असं दाखवत. मोठ्या बाई काठीच्या टोकानं माती उकरत होत्या. आपण आत्ता उठून खाली गेलो तर कुणी नाव ठेवणार नाही, हे मावशीला कळत होतं. उलट सगळे हळहळतील. मोठ्या बाईच स्वतः म्हणतील, की जा गं, तुझं घर आधी. आणि उद्या सकाळी ती खोली तिच्यासाठी झाडून ठेवलेली असेल.

"तू रोज तिला लांबून बघतोस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आज जवळ बसून बघ. मी संध्याकाळी येते."

"ताई, अगं माझं काम आहे."

"माझंही कामच आहे."

मावशीला आपला भाऊ ठाऊक होता. तो बसेल असं तिच्यानं छातीवर हात ठेवून सांगवलं नसतं. आई जागी होईल, खुर्ची रिकामी असेल, आणि भिंतीवर उरलेले बाण तिला पुन्हा बोलावतील, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तरी ती उठली. गुडघे झाडले. उतारावर रेंज नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं.

मोठ्या बाईंनी हात पुढे केला. माझ्या गुडघ्याला उतार झेपणार नाही, असं त्या म्हणाल्या. मी इथेच थांबते, कॅमेरा उघडून फोन माझ्याकडे दे. तो उठला तर मी बोलते त्याच्याशी. तळं इथून सगळं दिसतं, तू पोचलीस की मला कळेलच.

मावशीनं फोन दिला. देताना बोटं लगेच सुटली नाहीत. मग सुटली. तिनं टोपी पुढे ओढली, गॅरेजवाल्याला सगळ्यांच्या मागे राहायला सांगितलं, चष्मेवालीला आपल्या अगदी मागे घेतलं, आणि पलीकडच्या वाटेला लागली. पहिली काही पावलं हात खिशाकडे जात राहिला. खिसा रिकामा होता.

मोठ्या बाई दगडावर टेकून बसल्या. मांडीवरच्या फोनमध्ये म्हातारी लेकाच्या गुडघ्यावर डोकं टेकून निजली होती. लेकानं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं. हात अजून सोडवून घेतला नव्हता. बाईंनी मान वर केली. उतारावर निळी टोपी झुडपांत शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. बाई एकदा खाली फोनकडे आणि एकदा टोपीकडे, अशा बघत राहिल्या.